बाहेरून कुलूप नसलेली खोली

किल्लीमास्तरांच्या हाताला कधी स्वस्थता नसे. आमच्याकडे चहाला आले की कपाचा कान डुगडुगतो का ते आधी बघायचे. बोलता बोलता आमच्याच दाराची कडी वरखाली करायचे आणि जाताना म्हणायचे, "तेल घाला हिला. कुरकुरतेय बिचारी." बाजाराच्या तोंडाशी, चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान होतं. तीन भिंतींवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर कानस, पक्कड आणि एक जुना चिमटा. पस्तीस वर्षं ते तिथे बसून किल्ल्या बनवत होते. कुणाची किल्ली आत राहून दार ओढलं गेलं, तर घरातल्या माणसांच्या आधी मास्तरांची आठवण यायची.

घरात माणसं तीन. मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांचे थोरले भाऊ. मास्तरांची बायको म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. त्या शाळांचे गणवेश शिवायच्या. थोरल्या भावाला सगळी गल्ली दादा म्हणायची. दादांनी तीस वर्षं टपाल कचेरीत खान्याखान्यांत पत्रांची वर्गवारी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर पाचसहा वर्षांत त्यांची आठवण उसवत गेली. सकाळी नाश्ता केला की नाही ते आठवायचं नाही, पण 'टपाल आलं असेल' म्हणून कपडे करून बाहेर पडायचे. दोनदा रस्ता चुकले. तिसऱ्यांदा पुलाच्या कठड्यावर बसलेले सापडले.

त्यानंतर मास्तर दुकानात आणि मास्तरीणबाई शाळेत मापं घ्यायला गेल्या की घराला बाहेरून कुलूप लागायला लागलं. कुलूप मास्तरांनी स्वतः बनवलेलं होतं. दारातच बसवलेलं, वर, खाली आणि बाजूला असे तीन बोल्ट एकदम सरकणारं. त्या कुलपाचा त्यांना अभिमान होता. "हे मी सोडून कुणी उघडून दाखवावं," असं ते मला एकदा म्हणाले होते.

मग ते वादळ आलं.

भर दुपारी, दोन तास. आम्ही सगळे आपापल्या घरात जीव मुठीत धरून बसलो होतो. वारा उतरल्यावर बाहेर पाहिलं, तर मास्तरांच्या घराचे मागचे पत्रे गेलेले, मागची भिंत बसलेली, मधली वाट दगडविटांनी बुजलेली. पुढच्या खोलीचं छप्पर तेवढं शाबूत होतं. आणि आतून दादांचा आवाज येत होता, "अहो, कोणी आहे का?"

आम्ही दहाजण दाराशी झुंजलो. पहार मारणाऱ्यांत मीही होतो. खिडकीला जाड गज, दाराला ते कुलूप. दार वाकलं, पण उघडलं नाही. फळी अंगावर पडून दादांचा हात मोडला होता. गजांमधून आम्ही त्यांना पाणी दिलं, धीर दिला, आणि पुन्हा पहार उचलली. झाडं पडून सगळे रस्ते बंद होते. मास्तर चार तासांनी पोचले. खिशातून किल्ली काढली, फिरवली. दहा माणसांना चार तासांत जे जमलं नाही ते एका क्षणात झालं.

मास्तरांना कुणी शब्दानंही बोललं नाही. तेच वाईट झालं, असं मला आता वाटतं. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढची दोन वर्षं तिघं जवळच भाड्याच्या घरात राहिले. मग जुन्या जागेवर नवं घर बांधायचं ठरलं. गवंडी ओळखीचा, कामाला चोख आणि तोंडाला त्याहून चोख. पहिल्याच बैठकीत मास्तर म्हणाले, "घर तुम्हाला हवं तसं बांधा. मला मधोमध एक खोली पाहिजे. वादळात बसता येईल अशी."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि वर्षभर ती काय रिकामी ठेवायची? त्यातच कपाटं करू. घराची कागदपत्रं, दागिने, माझं कापड. मागच्या वेळी गणवेशांचा सगळा तागा भिजून गेला. मजबूत खोली आणि वर मजबूत कुलूप, एका दगडात दोन पक्षी."

"कुलूप नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"त्या खोलीला बाहेरून कुलूप नाही."

गवंड्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "मास्तर, उद्या हलवाई म्हणेल मी गोड करणार नाही, तसं झालं हे."

तिथून जी सुरुवात झाली ती सहा महिने थांबली नाही. खोली आधी उत्तरेला होती, ती मधे आली, कारण बाहेरच्या भिंतीला मार जास्त बसतो. मग तळघर करावं असं कुणीतरी सुचवलं. दोन दिवस मास्तर तळघराच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनाच सुचलं, पाणी शिरलं तर? तळघर रद्द. उलट खोलीचा उंबरा वीतभर उंच झाला. भिंती विटांच्या नकोत, सळया घालून सिमेंटच्या करा. वरचा स्लॅब भिंतींच्या सळयांना बांधून घ्या, नाहीतर वारा झाकण उचलावं तसा उचलेल. खिडकी नको. मग हवा? हवेसाठी भिंतीतून पाइप, बाहेरच्या टोकाला खाली वळवलेला, जाळी लावलेला. एक पाइप बुजला तर? म्हणून दोन.

दारावर तर चार दिवस घोडं अडलं. गवंडी म्हणाला, "दार बाहेर उघडू दे. आत जागा वाचेल."

"आणि बाहेर भिंत पडली तर? ढिगाऱ्याला ढकलत बसायचं? दार आत उघडणार."

"मग कपाट कुठे ठेवू?"

"कपाट बारीक करा."

"बाई म्हणतात कपाट मोठं हवं."

"बाईंना मी सांगतो," मास्तर म्हणायचे, आणि सांगायचे नाहीत.

मग एका रविवारी त्यांनी भाड्याच्या घरात फरशीवर खडूनं खोली आखली. मला काही तरी विचारायचं म्हणून मी गेलो, तर खडूच्या चौकटीत तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. एका कोपऱ्यात पाण्याचा कॅन, दुसऱ्यात बादली, तिसऱ्यात खोका. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कपाट'.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वादळ," मास्तरीणबाई दात आवळून म्हणाल्या. "अजून पंचवीस मिनिटं आहे म्हणे."

मास्तर हातात घड्याळ घेऊन बसले होते. दादा दहाव्या मिनिटाला उठले आणि खडूची रेघ ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेले.

"दादा, ती भिंत आहे!" मास्तर ओरडले.

दादांनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "छोट्या, तुला बरं वाटत नाहीये का?"

मास्तर तेव्हा साठीला टेकले होते, पण दादांना ते अजून छोट्याच होते. मास्तरीणबाई हसून हसून खडूवर आडव्या झाल्या. मास्तर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं: दादा दहा मिनिटं. खोली दोन फूट वाढवणे.

त्यांची झोप उडाली होती, जेवणावर लक्ष नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि हे किल्लीच्या पाकिटामागे दारांची चित्रं काढत बसायचे. मला गाठून म्हणायचे, "खोली आतून बंद व्हायला हवी, नाहीतर वाऱ्यानं दार उघडेल. बरोबर? पण आतून बंद झाली आणि आत दादा एकटेच असले तर? आणि बाहेरून उघडता येईल असं केलं तर चोर उघडेल, मग बायको म्हणते माझं कापड कुठे ठेवू?"

"कापडाच्या कपाटाला कुलूप लावा, खोलीला नको," मी म्हणालो.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं मी काही चुकीचं बोललो. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं कुलपं विकली, हे कसं सुचलं नाही?" त्या दिवशी ते जरा निवांत दिसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कपाट वाऱ्यानं हललं तर? भिंतीला जखडा. जड सामान वरच्या फळीवर कुणी ठेवलं तर? वरची फळीच नको.

अखेर भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब टाकून झाला, दार आलं. दार लोखंडी, आत उघडणारं, बाहेरून गुळगुळीत. आतल्या बाजूला मास्तरांनी तीन बोल्ट स्वतः बसवले, वर, मधे आणि खाली. बाहेरून उघडण्याची काही युक्ती त्यांच्या डोक्यात होती, पण तिचं चित्र रोज बदलत होतं. त्यासाठी दाराला भोक पाडायचं राहून गेलं होतं.

बोल्ट बसले त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर आणि गवंडी पुढच्या पायरीचं माप घेत होते. दादा ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी रस्त्यातून जाताना थांबलो होतो. बोलण्याच्या नादात आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं. आतून एक आवाज आला. खट्. मग दुसरा. मग तिसरा.

खुर्ची रिकामी होती.

मास्तर धावले. दार ढकललं. बोल्ट लागल्यावर ते दार ढकलून उघडणारं नव्हतंच, त्यासाठीच तर सहा महिने घालवले होते.

"दादा! दार उघडा!"

मास्तरांनी दारावर थापा मारल्या.

गवंडी म्हणाला, "ग्राइंडर आणतो. अर्ध्या तासात कापतो." आणि सायकलवर टांग मारून गेला. मास्तरांनी पिशवीतून हत्यारं काढली. पण बाहेरून गुळगुळीत ठेवलेल्या त्या दारावर हत्यार लावायला जागाच नव्हती. त्यांनी ती तिथेच टाकली. हवेच्या पाइपाशी गुडघे टेकून ते आत हाका मारायला लागले.

"दादा, बोल्ट सरकवा! दारावर लोखंडी बोल्ट आहे, तो सरकवा!"

आतून आवाज आला, शांत. "कोण?"

"मी, छोट्या!"

"बरं," आतून उत्तर आलं. बोल्ट काही सरकला नाही.

मी धावत जाऊन मास्तरीणबाईंना बोलावून आणलं. त्या कात्री आणि मापांची वही हातात घेऊनच आल्या. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग नवऱ्याला हातानं बाजूला सारलं, पाइपाशी वाकल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, टपाल आलंय."

आत खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. पण आत खुर्ची नव्हती, दादांनी पाण्याच्या कॅनवरच बस्तान मांडलं होतं, हे नंतर कळलं.

"कुठलं?" दादांनी विचारलं.

"बरंच आहे. पण तुमचे खाने बंद आहेत. आधी वरचा खाना उघडा."

खट्.

"आता मधला."

खट्.

"खालचा राहिला, दादा."

मास्तरांनी पाइपाला कान लावला. मग तिसरा आवाज आला, दार आत ओढलं गेलं, आणि दादांनी हात पुढे केला. "द्या."

मास्तरीणबाईंनी मापांच्या वहीत खोचलेलं विजेचं बिल काढून त्यांच्या हातावर ठेवलं. दादांनी ते डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचलं आणि परत दिलं. "हे आपल्या भागातलं नाही."

मास्तर तिथेच उंबऱ्यावर बसले. दादा त्यांच्याजवळ वाकले.

"काय झालं छोट्या?"

"तुम्ही आत अडकला होतात, दादा."

"मी कुठे अडकलो? अडकला होतास तू. बाहेर."

मास्तरीणबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मास्तरांनी मान वर केली आणि अडीच वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "दादा, ते वादळ झालं, तुमचा हात मोडला. आठवतं तुम्हाला?"

दादांनी आपला हात पाहिला, जणू तो हात काही सांगेल. "खिडकीतून कुणीतरी पाणी दिलं," ते म्हणाले. "पेल्याला साबणाचा वास होता."

पेला आमच्या घरचा होता.

"मग?"

"मग तू आलास. तुझ्या पायात चपला नव्हत्या."

मास्तरांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. त्या मान हलवत म्हणाल्या, "नव्हत्याच. तळपायाला काचा लागल्या होत्या. मीच काढल्या चिमट्यानं. तुम्हाला तेव्हा दुखलंही नाही."

मास्तरांना ते खरंच आठवत नव्हतं. आठवण गेलेल्या माणसाला आठवत होतं आणि ज्याला रोज तो दिवस छळत होता त्याला आपले स्वतःचे पाय आठवत नव्हते. मला तिथे उभं राहवेना. मी रस्त्यावर आलो, तर गवंडी ग्राइंडर सायकलला बांधून घामाघूम येत होता. "उघडलं?" त्यानं विचारलं. "कशानं?"

"विजेच्या बिलानं," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी तिन्ही बोल्ट एका दांड्याला जोडले. एकच मूठ, खाली ओढली की तिन्ही सुटतात. बाहेरून एक चौकोनी भोक, त्यात चौकोनी सळई घालून फिरवली की दार उघडतं. आणि मग त्यांनी असं काम केलं की गल्ली चाट पडली. स्वतःच्या जुन्या कुलपाची दुसरी किल्ली ज्यांनी बायकोलाही दिली नव्हती, त्यांनी त्या सळईचे चार तुकडे कापले आणि चार घरांत नेऊन दिले. एक आमच्याकडे आहे, एक गवंड्याकडे. देताना म्हणाले, "विचारत बसू नका. वाटलं तर उघडा."

मास्तरीणबाईंची कपाटं भिंतीला जखडली गेली, त्यांना कुलपं लागली, आत कापड आणि कागदपत्रं गेली. पण त्या रोज थोडं थोडं सामान खोलीत सरकवायच्या आणि मास्तर रोज ते बाहेर काढायचे. जुना पंखा, बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या. "एवढी चांगली जागा," त्या म्हणायच्या. "ही जागा नाही, माणसं आहेत," मास्तर म्हणायचे. हे भांडण आजही मिटलेलं नाही.

वादळ पुढच्या वर्षी आलं. सकाळी गाडीवरून भोंग्यानं सूचना दिली आणि दुपारी दोनला आम्ही पाचजण त्या खोलीत होतो. ते तिघं, मी आणि माझी बायको. पहिला झोत आला तेव्हा कपाटांची कुलपं खुळखुळली. वर काहीतरी जोरात आदळलं, ती शेजारच्यांची पाण्याची टाकी होती. माझ्या बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ होते. दादांनी तीनदा विचारलं, "ही माणसं कोण?" आणि तिन्ही वेळा सांगितल्यावर आम्हाला नमस्कार केला.

मास्तर बसले नाहीत. मूठ तपासायची, पाइपाशी हात धरून हवा येते का बघायचं, पुन्हा मूठ. "बसा हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दार कुठे पळून जात नाही." ते बसले, आणि बसल्या बसल्या पायानं दाराचा उंबरा चाचपत राहिले. तासाभरानं दादांना झोप लागली. त्यांचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर आलं, तेव्हा कुठे मास्तर हलायचे थांबले. हलले असते तर दादा जागे झाले असते.

वारा उतरल्यावर मूठ ओढली. दार उघडलं. पुढच्या खोलीची खिडकी फुटली होती, ओट्यावर कुणाचा तरी पत्रा येऊन पडला होता. घर उभं होतं. मास्तरीणबाईंनी आधी कापड पाहिलं, कोरडं होतं. मग त्यांनी चहा टाकला.

मला वाटलं, आता तरी हा माणूस शांत होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मास्तर पिशवी खांद्याला लावून उलट्या दिशेनं निघालेले दिसले. मीही सोबत गेलो. ते चालत चालत गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पोचले. तिथली बाई गोंधळली. म्हणाली, "आमचं कुठलंच कुलूप बिघडलेलं नाही. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा हात आधीच फाटकाच्या कडीवर गेला होता. "बाहेरून कुठली कुठली दारं बंद करता, तेवढी दाखवा."